मुक्या कस्तुराची साक्ष

मोशीत भांडणं रोजचीच. पण कस्तुराचं भांडण लागलं की बाया हातातली कामं टाकून बघायला यायच्या. कारण त्या भांडणात आवाज एकाच बाजूचा असायचा. समोरची घसा ताणून सात पिढ्या उकरायची आणि कस्तुरा नुसते हात चालवायची. अंगठा नाचवायची. पाची बोटं समोरचीच्या तोंडापुढं फाकून झटकायची. कडाकडा बोटं मोडायची. आणि अगदीच डोक्यात गेलं की पाठ फिरवून, लुगड्याचा बोंगा धरून ढुंगण असं झटकायची की समोरचीची शिवी अर्ध्यात तुटायची आणि बघणाऱ्या बाया तोंडात पदर कोंबायच्या.

"देवानं हिच्या तोंडाला कुलूप घातलं, पर हातास्नी घालायचं इसारला," यशोदाबाई म्हणायची. यशोदाबाई तिची भावजय. तिच्या वाट्याला हे हात सगळ्यांत जास्त आलेले.

कस्तुरा जन्माची मुकी नव्हती. परकर नेसायला लागायच्या आधी तिला घटसर्प झाला. आळंदीच्या वैद्यानं जीव वाचवला, आवाज काही वाचला नाही. कान मात्र शाबूत राहिले, आणि खरा छळ तोच होता. सगळं ऐकू यायचं आणि उत्तर देता यायचं नाही. तिच्यादेखत लोक तिच्याबद्दल बोलायचे, जसं गोठ्यात म्हशीदेखत म्हशीच्या दुधाबद्दल बोलावं.

चऱ्होलीच्या एका बिजवराला दिली होती तिला. त्यानं पुढच्या सुगीच्या आत परत आणून घातली. धोंडीबा, तिचा भाऊ, हात जोडून म्हणाला, "पावनं, काय चुकलं तिचं?"

"चुकलं काय सांगू? हातानं शिव्या देतीया. आन मारावं तर लोकं मलाच म्हनत्यात, बोलली न्हाई चाल्ली न्हाई, मारलीस कशापायी? माज्याच्यानं न्हाई व्हायचं."

मग ती भावाकडंच राहिली. शेण, गवत, पाणी, खुरपणी. वावरात तिचं बरं चालायचं. वावरात माणूस लांब असतं, हाक वाऱ्यावर जाते, तेव्हा सगळेच हातानं बोलतात. पाणी सोड, बैल वळव, भाकरी आली, हो बाजूला मेल्या. तिथं कस्तुरा कुणापेक्षा उणी नव्हती. पण बासष्ट सालापासून जमिनी कारखान्यांत जायला लागल्या. धोंडीबाचं वावर गेलं, त्याच्या अंगावर वॉचमनची खाकी आली. गावातले बाप्ये शिफ्टला जायला लागले. आता कुणाला लांबून हात करायचा? वावरं गेली तशी कस्तुराच्या हाताची कामाची भाषा गेली. राहिल्या त्या शिव्या.

बहात्तरच्या दुष्काळात भोसरीच्या माळावर गुलजार सर्कस आली. माणसांना खायला नव्हतं तिथं तिकीट कोण काढतो? दोन-चार खेळ रिकाम्या बाकांपुढं झाले, आणि एका सकाळी मालक तंबू सोडून नाहीसा झाला. हत्ती कुठल्याशा देवस्थानानं नेला, घोडी वरातवाल्यांनी नेली, म्हातारा सिंह माळावरच मेला. राहिली मिस लैला. पाटीवर तसं नाव होतं तिचं. झालर लावलेला झगा घालून सायकल फिरवायची, विडी ओढायची, लोकांना सलाम ठोकायची. आफ्रिकेची चिंपांझी. तिला कुणी नेलं नाही, म्हणून तिला सांभाळणारा चांदभाई पण कुठं गेला नाही.

चांदभाई तासगावकडचा. मागं-पुढं कुणी नव्हतं. सर्कशीचे खांब-साखळ्या करता करता वेल्डिंग शिकला होता, त्यावर त्याला चिखलीतल्या एका शेडात काम मिळालं. पण जनावर ठेवायचं कुठं? ते सोपानरावांनी सोडवलं. सोपानराव गावातले थोर माणूस, वीटभट्टीचे मालक. भट्टी बंद पडलेली, तिचं पत्र्याचं शेड इंद्रायणीकडं जाणाऱ्या रस्त्याला रिकामं होतं. लैलानं म्हाताऱ्याला वाकून सलाम केला आणि म्हातारा विरघळला.

"आरं, मपल्या घरात मला कुनी हात जोडीना, आन ही बघ," सोपानराव म्हणाले. "ऱ्हा हितंच."

गावानं तिची लैली केली आणि माकडीण म्हणायला लागलं. चांदभाईला ते खपायचं नाही.

"माकड न्हाई ती."

"मग काय तुजी म्हेवनी हाय?"

"शेपूट बघा आधी. तुमाला हाय का शेपूट? मग? तिला बी न्हाई."

कस्तुरा गवताचा भारा घेऊन त्या रस्त्यानं जायची. पहिल्या दिवशी ती चांदभाईनं शेडाला बसवलेल्या गजांपुढं थांबली. आत एक काळंभोर धूड बसलेलं, म्हातारीसारखा सुरकुतलेला चेहरा, हातांचे तळवे मात्र थेट माणसाचे. लैलीनं गजातून हात बाहेर काढला, तळवा वर करून. दे काहीतरी. कस्तुरानं अंगठा दाखवला. लैलीनं त्या अंगठ्याकडं निरखून पाहिलं, ओठ पुढं काढले, आणि मनगटातून हात असा झटकला की त्याचा दुसरा अर्थच होत नाही. चल, हो चालती.

कस्तुराच्या डोक्यावरचा भारा घसरला. ती हसायला लागली. तिच्या हसण्याला आवाज नसायचा, नुसतं पोट हलायचं. आजवर तिच्या हाताच्या शिवीला कुणी हातानं उत्तर दिलं नव्हतं.

मग ती रोजच तिथं. चांदभाई पहिल्या शिफ्टला जायचा, त्याला कुणीतरी हवंच होतं. तिनं शेड झाडायचं, पाणी भरायचं, शिळी भाकरी, पेरू, पाला आणायचा. यशोदाबाई भणभणली. "घरात म्हस उपाशी, आन हिनं माकडीनीचं घर धरलं!" आणि एकदा तणतणत शेडाकडं गेली. लैलीनं तोंडात पाणी धरून ठेवलं होतं. यशोदाबाई टप्प्यात आली तशी तिनं ती चूळ अशी मारली की कपाळाचं कुंकू हनुवटीला आलं. वर पाठ करून बसली. कस्तुरा पोट धरून भुईवर.

"हे तू शिकवलंस तिला!" यशोदाबाई ओरडली.

कस्तुरानं मान हलवली. नाही.

आणि खरंच नव्हतं शिकवलं. तिला स्वतःलाच नवल वाटायचं. लैली रुसली की पाठ करून बसायची. मनात असलं की एक हात उंच धरून काख उघडी करायची, म्हणजे इथं बघ, उवा काढ. घाबरली की दात काढून हात पुढं करायची आणि तो धरला की गप व्हायची. नको असलं की झटकायची. हे सगळं कस्तुराचंच होतं. तिच्या हातांसारखंच, पण तिनं दिलेलं नव्हे. एकदा तिनं चांदभाईला लैलीच्या झटकलेल्या हाताकडं बोट करून विचारलं, आणि भुवया वर केल्या. हे कुणी?

चांदभाई विडी पेटवत म्हणाला, "ते कुनी न्हाई शिकवलं बाई. सलाम मी शिकवला, सायकल मी शिकवली, विडीचं पाप बी मपलंच. हे तिचं तिनं आनलंय, आईच्या पोटातनं. जंगलात बी असंच करत असतील. रुसनं, मागनं, हाकलनं." मग जरा थांबून, "पन एक ध्यानात ठेव. सर्कशीत एक कायदा असतो. जनावराला मानसाची बेअब्रू शिकवायची न्हाई. पब्लिक हसतं तवर हसतं. एकांद्यानं मनाला लावून घेतलं की मार जनावरालाच पडतो. कळलं?"

कस्तुरानं कळलं म्हणून मान डोलावली. आणि ते पाळलं. लैलीपुढं कुणाला शिवी द्यायची वेळ आली तर ती हात आवरायची. शिमग्यात टोळकी गजापुढं येऊन, तोंडावर उलटा हात मारत, लैलीच्या नावानं बोंब ठोकायची. तेव्हा कस्तुरा दगड घेऊन त्यांच्या अंगावर जायची. लैली पाठ करून भिंतीकडं बघत बसायची. तिनं एकदाही त्यांची नक्कल केली नाही.

सोपानराव दुपारचे यायचे. घरात त्यांची दैना होती. जमिनीचे व्यवहार झाल्यापासून सगळं थोरल्या जयसिंगाच्या हातात, आणि म्हाताऱ्याची खाट गोठ्याच्या पडवीत. सून ताट सरकवून जायची. जयसिंग बापाशी बोलायचा तो भिंतीकडं बघून. हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. म्हातारा काठी टेकत शेडात यायचा, गजाला पाठ लावून बसायचा, टोपी काढायचा. लैली आतून हात घालून त्याचे पांढरे केस विंचरल्यासारखे बाजूला करायची, एकेक केस बघायची. म्हाताऱ्याचे डोळे मिटायचे. कस्तुरा जवळ बसून मिश्री लावायची. तिघंही बोलत नसत. त्यांनी आणलेला गुळाचा खडा लैलीनं चघळून संपवला की सोपानराव उठायचे.

"कस्तुरे," एकदा ते म्हणाले, "माज्या अंगाला मानसाचा हात लागून किती दिस झालं आसतील, काय सांगू." आणि मग आपणच म्हणाले, "आता हिला मानूस म्हनावं का न्हाई, ते तूच बघ बाई."

मग शहात्तर सालच्या पावसाळ्यानंतर म्हातारा यायचा बंद झाला. छातीत कफ धरला होता. लैली दुपारी गजाशी बसून रस्त्याकडं बघायची. दसरा झाल्यावर सोपानराव गेले.

मयत नदीला न्यायची ती त्याच रस्त्यानं. चांदभाई कामावर होता. कस्तुरा शेडात होती. वाजंत्री, गुलाल, पुढं जयसिंग मडकं घेऊन, उघडा, डोळे कोरडे. तिरडी गजासमोर आली तेव्हा खांदेकरी खांदा बदलायला जरा थबकले. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर कापड नव्हतं.

लैलीनं ओळखलं. तिनं हात बाहेर काढला, तळवा वर करून. कुणी धरला नाही. मग तिनं बारीक आवाजात हू हू सुरू केलं. तो आवाज चढत गेला, अंगावरचा केसन् केस उभा राहिला, तिनं भुईवर हात आपटले. आणि मग तिनं हात तोंडावर मारून घेतला. एकदा. मग परत. मग सारखाच. आणि घशातून अशी काही बोंब काढली की वाजंत्री थांबली.

बोंब सरणाशी मारायची असते. फेऱ्या झाल्या, मडकं फुटलं, की थोरल्या पोरानं तोंडावर उलटा हात मारून बोंब ठोकायची. तो पोराचा मान, दुसऱ्या कुणाचा नव्हे. त्याच्याआधी, भर रस्त्यात, बापाला खांद्यावर घेतलेलं असताना जर कुणी ती मारली, तर ती शिमग्याची, म्हणजे मेलेल्याची टिंगल.

कस्तुराला ते सगळं एका क्षणात कळलं. तिनं गजातून हात घालून लैलीचं मनगट पकडलं, तोंडापासून ओढायला लागली. लैलीच्या अंगात चार माणसांचं बळ. तो हात कस्तुराच्या हातासकट तोंडावर आपटत राहिला. आणि रस्त्यावरच्या साऱ्या माणसांनी काय बघितलं? मुकी कस्तुरा माकडिणीचा हात धरून तिच्या तोंडावर मारतीय.

त्यात मागून कुणीतरी बोललं. कोण ते कधीच कळलं नाही. "पोराच्या आधी माकडीनीनं नंबर लावला रं! तिलाच जास्त लागलं म्हनायचं!" आणि मयतीत दाबून हसतात तसं दोन-चार जण नाकातून हसले.

जयसिंगाचे कान लाल झाले. मयत पुढं गेली. नदीवर त्यानं बोंब मारली ती म्हणे जेमतेमच मारली.

तेरावं झाल्यावर मारुतीपुढं माणसं जमली. जयसिंगानंच जमवली. चांदभाईला बोलावलं, धोंडीबा खाकीवरच आला. कस्तुराला बायांतून पुढं आणून उभी केली.

"मपला बाप व्हता त्यो," जयसिंग म्हणाला. "त्येची मयत चाल्लेली, आन त्येच्या नावानं बोंब. जागा मपल्या बापाची, खातंय मपल्या गावाचं, आन हे. मला यवढंच सांगा, हे शिकवलं कुनी?"

"साहेब, जनावर हाय ते," चांदभाई म्हणाला. "त्याला काय कळतंय मान-अपमान?"

"कळत न्हाई? मग बराबर मयतीलाच कसं केलं? बैलगाड्या जात्यात, बशी जात्यात, तवा का न्हाई केलं?"

चांदभाईनं टोपी काढून हातात घेतली. त्याला ठाऊक होतं की लैलीला पुष्कळ कळतं. पण ते इथं म्हणायची सोय नव्हती.

"म्या बघितलंय," एक जण उठला. "ह्या मुकीनं तिचा हात धरून मारून घेतला. सोताच्या डोळ्यांनी."

"म्या बी."

"आवो, हिचं हातवारं आख्ख्या गावाला ठावं. दुसरं कोन शिकवनार?"

जयसिंगानं हात वर करून सगळ्यांना गप केलं. "हे बघा. दोनच वाटा हायत. मानसानं शिकवलं आसंल, तर गुन्हा मानसाचा. मानसानं माफी मागावी, परत त्या शेडाकडं पाय टाकू नये, जनावर ऱ्हाईल जागेवर. आन कुनी शिकवलं नसंल, जनावरानं आपल्या मनानं केलं आसंल, तर त्ये मानसावर उलाटलंय. आज बोंब मारली, उद्या नरडं धरंल. आसलं गावात नको. मपल्याकडं बंदूक हाय."

बघा, कसा पेच. खरं सांगितलं तर लैली मरणार. लैलीनं आपल्या मनानं केलं होतं, हेच खरं होतं. ती रडली होती. गोठ्याच्या पडवीतल्या म्हाताऱ्यासाठी त्या अख्ख्या रस्त्यावर ती एकटी रडली होती. आणि तेवढंच नेमकं कबूल करायचं नव्हतं.

धोंडीबा बहिणीच्या कानाशी आला. "आक्के, नाक घास आन मोकळी व्हय. मपली नोकरी त्येंच्या वळकीवर हाय."

कस्तुरा सगळ्यांच्या मधे उभी राहिली. तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. तोंडावर उलटा हात मारला. शेडाकडं बोट केलं. मग हवेतच एक मनगट धरल्यासारखं करून, ते एका तोंडावर आपटून दाखवलं, असं, असं, असं. मी शिकवलं.

आजवर तिच्या हातांचा अर्थ लावताना लोक चुकायचे, हसायचे, कंटाळून निघून जायचे. त्या दिवशी एक माणूस चुकला नाही.

"बघितलं?" जयसिंग म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं. शिमगाच होता तो. म्हातारा गेल्याचं पोरापेक्षा जास्त कुणाला लागलं-बिगलं नव्हतं.

कस्तुरानं भुईवर नाक घासलं. उठून तिनं चांदभाईकडं पाहिलं. तो तिच्याकडं बघत होता तो अनोळखी माणसाकडं बघावं तसा.

"तुला सांगितलं व्हतं," तो हळू म्हणाला. "एकच कायदा सांगितला व्हता तुला." आणि टोपी डोक्यावर घालून निघून गेला.

तिनं त्याच्या मागं दोन पावलं टाकली. धोंडीबानं दंड धरला. "कुटं? आत्ताच काय कबूल केलंस?"

त्यानंतर कस्तुरा त्या रस्त्याला गेली नाही. गवताला जायची ती लांबच्या ओढ्यानं. चांदभाईनं शेडात दुसरी बाई ठेवून बघितली. ती पहिल्याच दिवशी झाडू टाकून पळाली. मग त्यानं शिफ्ट बदलून बघितली, शेजाऱ्याला सांगून बघितलं. लैली दुपारी एक हात उंच करून, काख उघडी धरून गजाशी बसायची. कुणी येत नाही बघून तो हात तसाच धरून ठेवायची. येणारे-जाणारे हसायचे. "बगा, सलाम करतीय!" पुढं तिनं हात करायचा सोडला. भाकरी बाहेर टाकायला लागली. मग टाकायचीही बंद झाली, नुसती पडून राहायला लागली.

हे कस्तुराच्या कानावर येत होतं. पाणवठ्यावर बाया बोलायच्या, आणि तिच्यादेखत बोलायला कुणाला कधी संकोच वाटलाच नव्हता.

"त्या मियाची माकडीन खाईना म्हनं."

"पोरीबिगर आय झुरती तशी झुरतीय की काय?"

"आगं कशाची झुरतीय. थंडी बाधली आसंल."

एका सकाळी कस्तुरानं हंडा विहिरीवरच ठेवला आणि शेडाची वाट धरली. ओढ्यापाशी यशोदाबाईनं तिला गाठलं. कधी नव्हे ते भावजयीनं शिवी दिली नाही. पायच धरले.

"वन्सं, नगा जाऊ. जयसिंगानं बघितलं तर ह्यास्नी कामावरनं काडत्याल. आन जनावरालाबी ठेवनार न्हाई. तुमीच कबूल केलंय न्हवं, तुमी शिकवलं म्हून. आता परत गेलात तर म्हनतील परत शिकवाया गेली."

ते खरंच होतं. कस्तुरा ओढ्यापाशी उभी राहिली. तिथून शेडाचा पत्रा दिसत होता, गज दिसत नव्हते. बराच वेळ उभी राहून ती माघारी फिरली. हंडा विहिरीवर तसाच होता, तो भरून घरी आली.

संक्रांतीच्या आधी लैली गेली. फुप्फुस धरलं होतं म्हणाले. चांदभाईनं शेडामागं खड्डा काढला आणि आपल्याच हातांनी पुरली. कस्तुराला कळलं ते दुपारी, धोंडीबा ड्युटीवरून आल्यावर. "सुटली बिचारी," तो म्हणाला, आणि बूट काढायला बसला. कस्तुरा चुलीपुढं होती. तव्यावरची भाकरी तिनं उलटली, फुगू दिली, काढली, दुसरी टाकली. भाकरी एकही करपली नाही. यशोदाबाई तिच्याकडं बघत राहिली.

चांदभाई चाकणकडं निघून गेला. शेड पाडून जयसिंगानं तिथं भाड्याच्या खोल्या काढल्या. बाहेरून आलेले कामगार राहायला आले, मराठवाड्याचे, कोकणातले. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. कस्तुराचा हात नंतर कुणावर उठला नाही. सुरुवातीला बायांनी मुद्दाम डिवचून बघितलं, पाण्यावरनं, शेणावरनं. ती हंडा उचलून चालती व्हायची. "वारं गेलं हिच्यातलं," बाया म्हणायच्या, आणि म्हणताना त्यांनाच काहीतरी हुकल्यासारखं व्हायचं. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये तिला ताटं घासायचं काम लागलं. तिथं यंत्रांचा एवढा आवाज की बोलणाऱ्यांचंही कुणी ऐकत नव्हतं.

मग ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमाराला एकदा, कँटीनला जायला ती मोशीच्या स्टँडवर उभी असताना, चाकणकडून आलेल्या गाडीतून एक पिकल्या दाढीचा माणूस उतरला. चांदभाई. गुडघे गेलेले. डोळ्यांना वेल्डिंगचं लागून लागून सारखं पाणी. त्यानं तिला ओळखलं, ओळख न दाखवता पुढं गेला, आणि परत आला.

"कस्तुराबाई," तो म्हणाला. "राग न्हाई आता. उमर झाली, राग धरवत न्हाई. पन एक मनात ऱ्हायलंय. का शिकवलंस तिला? तू येत ऱ्हायली असतीस तर ती जगली असती. त्या एका बोंबेपायी गेली ती."

कस्तुरानं हातातला डबा भुईवर ठेवला.

तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि हात आडवा हलवला. मी नाही. मग टोपी घातल्यासारखं केलं, काठी धरली, वाकली, पाठ टेकून बसल्यासारखं केलं. सोपानराव. मग लैलीसारखे ओठ पुढं काढले, हात बाहेर काढला, तळवा वर केला. कुणी धरला नाही. मग छातीवर मूठ आपटली, डोळ्यांखालून बोटं ओढली. तिची ती. तिच्या मनानं. तिला दुःख झालं.

पण हे हात बरीच वर्षं ताटं घासण्याखेरीज कशाला उचलले नव्हते. बोटं आखडली होती. खुणा एकात एक मिसळत होत्या, आणि मधेच गाडी आली, माणसं धक्के देत चढायला लागली. कंडक्टर ओरडला, "मुके, यायचंय का न्हाई?" तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. पहिल्यापासून परत सुरू केलं. टोपी. काठी. हात.

चांदभाई पाणावल्या डोळ्यांनी, मान तिरकी करून बघत होता. एके काळी जनावराच्या पापणीवरून त्याला कळायचं. त्यानं मनापासून प्रयत्न केला. बाहेर काढलेला तळवा तेवढा त्याला कळला.

"हां हां," तो म्हणाला. "उपाशी हायस व्हय? थांब, च्या घेऊ."

समोरच्या हाटेलातून तो दोन कप घेऊन आला. एक तिच्या हातात दिला. कप काठोकाठ भरलेला आणि चटका देणारा, म्हणून तिला तो दोन्ही हातांनी धरावा लागला. तो शेजारच्या दगडावर बसला, बशीत ओतून फुंकर मारत प्यायला लागला, आणि चाकणचं सांगत राहिला, तिथं आता कसे कारखाने येणार आहेत म्हणतात, पाणी कसं खारट आहे. ती ऐकत होती. गाडी निघून गेली. तिनं चहा संपवला.